कॅलिफोर्नियात ‘दीक्षित’ आडनावाची नंबरप्लेट आक्षेपार्ह म्हणून नाकारली. पुढे काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आडनाव दीक्षित, पासपोर्टवर स्पेलिंग डी-आय-के-एस-एच-आय-टी. गाडीला हीच सात अक्षरं हवी होती, पण डीएमव्हीनं, म्हणजे तिथल्या आरटीओसारख्या वाहन खात्यानं, अर्ज फेटाळला. आता भांडावं की सोडून द्यावं?

भांडता येतं. मात्र त्याआधी अर्ज तपासणारा कर्मचारी काय बघतो ते लक्षात घ्या. मराठीचा गंधही नसलेला माणूस तुमच्या मागे सिग्नलला उभा राहिला, तर तो ही अक्षरं कशी वाचेल, एवढंच तो बघतो. तुमच्या शेवटच्या चार अक्षरांची इंग्रजीत उघड शिवी होते आणि पहिली तीन उच्चारली की पुरुषाच्या अवयवाचा बाजारू शब्द ऐकू येतो. दीक्षा घेतलेला तो दीक्षित, हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या नावाला कोणी शिवी म्हणावं हे लागतं, आणि लागायलाच हवं. पण लढत या वाचणाऱ्याच्या नजरेशी आहे.

आधी नकाराचं पत्र काढा आणि कारणाचं वाक्य शब्दशः वाचा. सगळं त्यावर ठरतं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याच्या (व्हेइकल कोड) कलम ५१०५ मध्ये ‘सुरुची आणि सभ्यतेला बाधक’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पत्रात तेच कारण असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये फेडरल न्यायाधीश जॉन टायगर यांनी ‘ओगिल्व्ही विरुद्ध गॉर्डन’ खटल्यात हाच निकष घटनाबाह्य ठरवला. अर्जदार पाच होते. एकाला टोपणनावावरून ‘ओजीवुल्फ’ हवं होतं, पण ‘ओजी’ ही टोळीवाल्यांची भाषा म्हणून नकार आला. दुसऱ्याला ‘क्वीअर’ हवं होतं. तो स्वतः समलिंगी, तरी शब्द अपमानकारक म्हणून नकार. न्यायाधीशांनी म्हटलं की प्लेटवरची अक्षरं गाडीमालकाचं बोलणं आहे, सरकारचं नव्हे, आणि सुरुचीच्या नावाखाली सरकारला मतांची निवड करता येणार नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ आणि २०१९ मध्ये ट्रेडमार्कच्या दोन प्रकरणांत असेच निकष रद्द केले होते, त्यांचाही आधार होता.

पत्रात ‘अश्लील’ किंवा ‘शिवराळ’ असं कारण असेल तर मात्र अवघड आहे. अश्लील, शिवराळ आणि द्वेषमूलक मजकूर अडवायला त्याच निकालानं राज्याला वाव ठेवला आहे, आणि तुमची ती चार अक्षरं नेमकी तिथेच अडकतात.

खऱ्या आडनावावरूनच झालेला खटला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात घडला. लॉर्न ग्रॅबहर यांनी १९९० च्या सुमारास वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून आडनावाची प्लेट घेतली. घराण्याचं मूळ जर्मन भाषक. पंचवीस वर्षं कोणाची हरकत नव्हती. २०१६ मध्ये एक निनावी तक्रार गेली: इंग्रजीत हे ‘ग्रॅब हर’, म्हणजे ‘तिला धर’ असं वाचलं जातं. प्लेट रद्द झाली. हे खरंच आडनाव आहे याबद्दल वाद नव्हता, तरी २०२० मध्ये कोर्टात आणि २०२१ मध्ये अपिलात ते हरले. नाव खरं असणं हा पुरावा म्हणून चांगला, पण एकट्यानं पुरत नाही.

शब्द परभाषेतला आहे हा बचावही फार चालत नाही. मेरीलँडमध्ये एकाच्या प्लेटवर ‘मिएर्दा’ हा विष्ठेसाठीचा स्पॅनिश शब्द होता. प्लेट आधी मंजूर झाली होती, पुढे तक्रारीवरून काढून घेतली, आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही ते योग्य ठरवलं. म्हणून मंजुरी मिळाली तरी ती कायमची समजू नका. राज्य बदललं की कायदाही बदलतो. इंडियानानं २०१५ मध्ये आणि टेनेसीनं २०२५ मध्ये प्लेट हे सरकारचंच बोलणं ठरवलं, म्हणजे तिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दाच उरत नाही. नोकरीसाठी राज्य बदलायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा.

(महाराष्ट्रात हा वाद होत नाही, कारण आरटीओ अक्षरं निवडू देत नाही. पसंतीचा क्रमांक म्हणजे चार आकडे. ४१४१ चं ‘दादा’ करणं हा सरळ नियमभंग. आपल्या देशात अक्षरांवरून गाजलेलं प्रकरण २०२१ चं, दिल्लीतलं. दुचाकीचा ‘एस’ आणि त्यापुढे चालू मालिकेतली ‘ईएक्स’ ही अक्षरं आली, तेव्हा महिला आयोगाला परिवहन विभागाला नोटीस पाठवावी लागली.)

आता अर्जाचं. ‘रेग १७’ फॉर्मवर प्लेटचा अर्थ लिहायची जागा असते आणि तिथेच बहुतेक जण कमी पडतात. नुसतं ‘आडनाव’ लिहून भागत नाही. हे भारतीय आडनाव आहे, संस्कृत ‘दीक्षा’ शब्दावरून आलं आहे, अर्थ ‘दीक्षा घेतलेला’, आणि गाडी याच नावावर नोंदलेली आहे, असं दोन-तीन वाक्यांत लिहा. फेरविचाराची मागणी लेखी करा. सोबत लायसन्स आणि पासपोर्टची प्रत जोडा, पाकिटावरच्या तारखेसह नकारपत्र जपून ठेवा. पत्रात अपिलाची मुदत दिली असेल तर ती आधी पाळा.

‘आय’च्या जागी १ किंवा ‘एस’च्या जागी ५ घालून पुन्हा अर्ज करू नका. आकडे अक्षरांसारखे वाचून पाहणं हे तपासणाऱ्याचं रोजचं काम आहे. शिवाय पळवाट शोधल्यासारखं दिसतं आणि आडनावाचा खरा मुद्दाच कमकुवत होतो.

कोर्टात जायचंच असेल तर फेडरल कोर्टात कलम १९८३ खाली, म्हणजे राज्याच्या अधिकाऱ्यानं घटनात्मक हक्क डावलल्याबद्दल, दावा होतो. प्रतिवादी म्हणून खुद्द डीएमव्ही चालत नाही, कारण फेडरल कोर्टात राज्याच्या खात्याला घटनेचं संरक्षण आहे. म्हणून तिच्या संचालकांवर दावा करतात. वरच्या खटल्यातले गॉर्डन ते हेच. कॅलिफोर्नियात अशा दाव्याची मुदत दोन वर्षं. जिंकलात तर वकिलाचा खर्च समोरच्यावर बसू शकतो. ओगिल्व्ही खटला पॅसिफिक लीगल फाउंडेशननं लढवला, ऱ्होड आयलंडमधल्या टेस्लावरच्या ‘एफकेगॅस’ (पेट्रोलला शिवी) प्लेटचा एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेनं. अशा संस्थांकडे आधी विचारा, खाजगी वकील धरला तर प्लेटच्या कितीतरी पट पैसे जातील. आणि टायगर यांचा निकाल जिल्हा पातळीवरचा असल्यानं दुसऱ्या न्यायाधीशावर बंधनकारक नाही.

माझं मत विचाराल तर फेरविचाराचं पत्र जरूर पाठवा, पण त्याच आठवड्यात डीएमव्हीच्या साइटवर डी-आय-एक्स-आय-टी हे स्पेलिंग मोकळं आहे का पाहा. एक जुळणी राज्यात एकालाच मिळते. गेलेली असेल तर सात अक्षरांच्या मर्यादेत आद्याक्षर किंवा एक आकडा जोडा. कागदपत्रांवरचं स्पेलिंग प्लेटशी जुळलंच पाहिजे असं काही नाही. साध्या प्लेटवर पसंतीची अक्षरं घ्यायला सुरुवातीला ५३ डॉलर आणि मग दरवर्षी ४३ डॉलर पडतात.

आणि नाव पूर्ण, नीट वाचता यावं असंच हवं असेल, तर प्लेटभोवतीच्या फ्रेमवर देवनागरीत ‘दीक्षित’ छापून घ्या. तिला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त क्रमांक आणि मागच्या प्लेटवरचे महिना-वर्षाचे स्टिकर झाकले जाऊ देऊ नका.