खोक्यावरचा आकडा आणि तारेवरचा आकडा

(विजेबद्दलचे वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे गृहस्थ परळीच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले आहेत.)

प्रश्न : काका, नमस्कार. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे. क्लास रात्री साडेनऊला सुटतो, तिथून खोली पंधरा मिनिटं पायी. मेव्हण्यानं मोबाईलवरून टॉर्चसारखं शॉक द्यायचं यंत्र मागवलंय. खोक्यावर ‘१० लाख व्होल्ट’ असं छापलंय. पोरीला देऊ का? समोरचा मेलाबिला तर तिच्यावर केस होईल? परदेशात पोलिसांच्या शॉकनं माणसं मरतात, असं ऐकलं.
— एक बाप, केज तालुका

उत्तर : बापाची झोप उडते हे समजतं. माझीही पोरगी शिकायला बाहेर होती.

आधी त्या १० लाखांचं बघू. एक सेंटिमीटर कोरडी हवा फोडून ठिणगी पडायला फार तर ३० हजार व्होल्ट लागतात. मेव्हण्याच्या यंत्राच्या दोन टोकांत अंतर किती? बोटभर रुंदीचं. खरंच १० लाख असते, तर ठिणगी फूटभर लांब पडली असती. तेव्हा तो आकडा खोक्यापुरता. शिवाय नुसत्या व्होल्टनं माणूस मरत नाही. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, तेही हजारो व्होल्टच असतात. मारतो तो करंट: किती गेला, किती वेळ गेला आणि छातीतून गेला का.

भाच्यानं नांदेडहून असलंच एक आणलं होतं. मी ते जर्किनवरून दंडाला लावलं, काहीच झालं नाही. मग बाही वर करून लावलं. गांधीलमाशी डसावी तसं झालं, हात आपोआप मागे आला, दोन लाल ठिपके उठले. सौ. म्हणाली, “साठी उलटली तरी बोटं घालायची सवय गेली नाही.” पण मुद्दा कळला. दुखतं, माणूस पडत नाही. आणि ते लावायला समोरच्याच्या अंगाला भिडावं लागतं. सतरा वर्षांच्या पोरीनं नेमकं तेच करू नये. हिसकून घेतलं, तर ते तिच्यावरच चालणार.

परदेशातल्या पोलिसांचं टेझर हे वेगळं जनावर आहे. त्यातून बारीक तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि लांबूनच कपड्यात, कातडीत रुततात. गाजलेल्या एक्स-२६ मॉडेलमध्ये सेकंदाला सुमारे १९ अगदी आखूड ठोके, एकदा चाप ओढला की ५ सेकंद. दोन काट्यांमध्ये चांगलं अंतर पडलं, तर मधले स्नायू आखडतात आणि माणूस ओंडक्यासारखा कोसळतो. काटे जवळजवळ बसले तर नुसतं दुखतं. एक हुकला तर सर्किटच पुरं होत नाही. त्याच्याही जाहिरातीत ५० हजार व्होल्ट असायचे, अंगात पोचायचे बाराशेच्या आसपास.

मरतात का? मरतात. पण सगळी विजेनंच मरतात असं नाही. ओंडका होऊन पडणारा माणूस हात पुढे करू शकत नाही, डोकं फरशीवर आपटतं. ऑस्ट्रेलियात २०२३ साली ९५ वर्षांच्या, विसराळूपणाच्या आजाराची लक्षणं असलेल्या एका आजीवर पोलिसानं टेझर चालवलं. तिच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती, चालायला वॉकर होता. ती पडली, डोक्याला मार लागून गेली, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस सदोष मनुष्यवधात दोषी ठरला. काळजाचंही आहेच. २००९ मध्ये टेझर बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलं, की शक्यतो छातीवर नेम धरू नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डग्लस झाइप्स या हृदयतज्ज्ञानं छातीत काटे बसून काळीज थांबल्याच्या केसेस छापल्या. उलट बाजूनं, २०११ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या संशोधन संस्थेनं म्हटलं, की धडधाकट माणसाला यानं मोठा धोका असल्याचा ठाम वैद्यकीय पुरावा नाही. दोन्ही मला पटतं. पण पोलिसांशी झोंबाझोंबी करणारा धडधाकटच असतो, दारू प्यायलेला, दमलेला, हृदयरोगी नसतो, हे कोणी ठरवलं?

केसचं विचारलंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम ३४ पासून पुढे स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय. अट अशी, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पळणाऱ्याच्या मागे जाऊन लावलं, तर हक्क संपला.

पोरीला यंत्र देऊ नका. त्या वाटेनं जाणाऱ्या आणखी दोघी-तिघी शोधा, ११२ नंबर मोबाईलवर चटकन लागेल असा ठेवा, आणि मुख्य म्हणजे तिलाच विचारा, की नेमकी कुठल्या कोपऱ्यावर भीती वाटते. तुम्ही पत्रात मेव्हण्याचं मत लिहिलंत, तिचं नाही लिहिलं.

प्रश्न : मी होमगार्ड आहे. बंदोबस्ताला लाठीऐवजी टेझरसारखं यंत्र दिलं तर लोकांना कमी लागेल ना?
— परभणी

उत्तर : एका चापाला कमी लागेल. पण लाठी मारताना आपला हात दमतो, चाप ओढताना बोट दमत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ साली डेलियन अ‍ॅटकिन्सन या जुन्या फुटबॉलपटूवर सलग ३३ सेकंद टेझर चाललं, वर लाथा, आणि तो मेला. त्या पोलिसाला शिक्षा झाली. दुसरं असं, की लाठीचा वळ आठ दिवस दिसतो, कोर्टातही दाखवता येतो. याचे दोन ठिपके, डास चावल्यासारखे. २००७ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं टेझरच्या वेदनेला छळाचा एक प्रकार म्हटलं होतं. पिस्तुलाऐवजी द्या, मी हो म्हणेन. लाठीऐवजी नको.

प्रश्न : रानडुकरांनी मका ठेवला नाही. झटका मशीन महाग पडतं म्हणून शेजाऱ्यानं आकडा टाकून कुंपणात थेट करंट सोडलाय. म्हणतो, शॉक तो शॉक, दोन्ही सारखंच. खरं का?
— कंधार तालुका

उत्तर : साफ खोटं. झटका मशीनचे व्होल्ट घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त, पण ठोका सेकंदाला एखादा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. दोन ठोक्यांच्या मधे हात सोडवता येतो. आकड्यावरची २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेत न थांबता वाहते, मूठ आवळून धरते. आपण ‘चिकटला’ म्हणतो ते हेच. त्यात पाय ओले. अशा तारेला डुकराच्या आधी पहाटे दारं धरायला निघालेला गडी लागतो, आणि तार सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

शेजाऱ्याशी भांडत बसू नका, काठीनं आकडा काढायलाही जाऊ नका. वायरमनला आजच फोन करा, तो डीपीवरून लाइन बंद करून काढेल. तोवर त्या बांधानं घरातल्या कोणाला जाऊ देऊ नका, बैलालासुद्धा.