चार बाजूंवरून क्षेत्रफळ निघत नाही, कर्ण मोजा

डिचोलीच्या प्लॉटबद्दल तुम्ही लिहिलंय: बाजू क्रमाने १३, २१, १२ आणि १६ मीटर, आणि विकणारा समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून १२.५ × १८.५ = २३१.२५ चौ. मी. म्हणतो. याच हिशेबात मीही पोळलोय, म्हणून लिहितो.

हे सूत्र आयतालाच बरोबर लागतं. बाकी कुठल्याही चौकोनात ते जास्तच दाखवतं, कमी कधीच नाही. विकणाऱ्यांना ते का आवडतं ते समजून घ्या. चार बाजू ठरल्या तरी आकार ठरत नाही. खिळखिळ्या झालेल्या खाटेसारखा तो कलतो. तुम्ही जाता जाता कर्ण २० मी. लिहिलाय, तोच मोलाचा आकडा. त्याने प्लॉटचे दोन त्रिकोण पडतात. १३-२१-२० या त्रिकोणाची अर्धपरिमिती (तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्ध) २७, तिच्यातून एकेक बाजू वजा केली की १४, ६, ७, म्हणून क्षेत्रफळ √(२७×१४×६×७) = १२६. दुसरा १२-१६-२०, म्हणजे काटकोनच, १२×१६ चं निम्मं ९६. एकूण २२२. फरक ९.२५ चौ. मी., त्याला दर चौ. मी.च्या भावाने गुणा. याच बाजू ठेवून कर्ण १६ असता तर क्षेत्र जेमतेम १९३ भरलं असतं.

दुसरा कर्णही मोजा. तुमच्या मापांत २१ आणि १२ च्या कोपऱ्यातही काटकोन बसतो, म्हणून तो √५८५, साधारण २४.१९ मी. यायला हवा. वीतभर फरक आला तर कुठलं तरी माप चुकलंय.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. नकाशाच्या झेरॉक्सवरून पट्टीने मोजू नका. एका कचेरीच्या खिडकीवर प्रत हातात देऊन ‘स्केल लिहिलंय की’ एवढंच सांगितलं गेलं. लिहिलेलं होतं १:१०००, म्हणजे १ सेंमीला १० मीटर. पण कागदावर बसवायला प्रत ९६ टक्के झाली की लांबी ४ टक्के घटते आणि क्षेत्रफळ ०.९६ च्या वर्गाइतकं उरतं, म्हणजे ७.८४ टक्के घटतं. तुमचे २२२ तिथे २०४.६ दिसतील. मग एक-चौदाच्या उताऱ्याशी (गोव्याचा सातबाराच म्हणा) आकडा जुळत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याकडेच संशयाने बघतो! असो.

उपाय सोपा. जमिनीवर हमखास जागेवर असलेला जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घ्या, जितका लांब तितका बरा. तो प्रत्यक्षात ७५ मी. आणि प्रतीवर ७.२ सेंमी (७२ मी.) असेल तर गुणक क = ७५/७२. लांबीला क ने गुणा, क्षेत्रफळाला क² ने, म्हणजे १.०८५ ने. क्षेत्रफळालाही नुसत्या क ने गुणणारेच जास्त भेटतात.

उताराची जमीन असेल तर टेप आडवी धरा. उतारावरून २० मी. आले आणि चढ ३ मी. असला तर नकाशातली लांबी √(४००−९) = १९.७७. क्षेत्रफळ धरतात ते आडव्याचंच.

मी सर्व्हेअर नाही, वकीलही नाही. सौदा करताना भाव पाडायला हे पुरेल, हद्दीच्या वादात नाही. तिथे रीतसर मोजणीच लागते. आणि टेप झुडपांवरून ओढू नका, पोटात झोळ पडला की माप वाढतं. पावसाळ्यानंतरचं रान आधी साफ करून घ्या.