‘हॅपिनेस रिपोर्ट’मध्ये भारत पाकिस्तानच्याही खाली कसा? वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींत सुख खरंच मोजता येतं का?

मोजता येतं. पण ते कसं मोजतात याबद्दल तुमचा गैरसमज झालाय, आधी तेवढं निस्तरू.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जीडीपी, भ्रष्टाचार, आयुर्मान असले पाश्चात्त्य निकष लावून आपल्याला मुद्दाम खाली ढकलतात. साफ चूक. दरवर्षी 20 मार्चच्या आसपास, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिनाला, या रिपोर्टमधली देशांची यादी येते तेव्हा टीव्हीवालेही हीच चूक करतात. क्रमांक त्या निकषांवरून लागतच नाही. तो लागतो एका प्रश्नाच्या उत्तरावरून. एक शिडी डोळ्यांसमोर आणा, सगळ्यात खाली 0, सगळ्यात वर 10. वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? संपलं. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1965 साली पुस्तकात ही शिडी मांडली. गॅलप ही लोकांची मतं जाणून घेणारी अमेरिकी कंपनी ती जगभर विचारते, बहुतेक देशांत वर्षाला हजारेक माणसांना, मोठ्या देशांत थोडं जास्त. तीन वर्षांची सरासरी काढली की यादी तयार. जीडीपी वगैरे त्यानंतर येतं, अमका देश वर का आणि तमका खाली का याचा अर्थ लावायला. म्हणजे आपल्याला कोणी ढकललेलं नाही, आपल्याच माणसांनी पायरीवर बोट ठेवून सांगितलंय.

हे मी इतकं ठासून लिहितोय कारण तसं बोट ठेवताना मी माणसं जवळून पाहिलीत.

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी-आर्णीकडच्या गावांत मी सर्वेक्षक म्हणून फिरायचो. संस्थेचं नाव घेत नाही. सर्व्हे गॅलपचा नव्हता, पण शिडी तीच, कार्डावर छापून लॅमिनेट केलेली. नियम असा की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं लिहायची आणि मग तक्ता पाहून त्यातलं एक निवडायचं. तक्ता जे नाव काढेल त्यालाच विचारायचं, दुसऱ्याला नाही. एका घरी तक्त्यानं सून काढली. चाळिशीची बाई, वेचणीला निघायच्या घाईत.

सासरा ओसरीवर खाटेवर बसलेला. म्हणाला, “तिले काय समजते? मले विचारा ना.” त्याला नियम समजावेस्तोवर शेजारचे दोघं-तिघं येऊन टेकले. आमच्याकडे हातात फॉर्म घेतलेला माणूस दिसला की तो एक तर बँकेचा नाही तर घरकुलाचा. मी शिडी दाखवली, प्रश्न वाचला. शेजारीण हळूच म्हणाली, “खालची पायरी सांग व, घरकुलाचं काम असंन.” सासऱ्यानं ते ऐकलं. “काहून? आपल्या घरी काय कमी हाय? आठ सांग.” बाईनं एकदा इकडं पाह्यलं, एकदा तिकडं, आणि म्हणाली, “पाच टाका.”

मी पाच टाकले.

फॉर्म अजून अर्धा बाकी होता आणि तिला थांबायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यासोबत वावरात गेलो. सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होऊन थोडेच दिवस झाले होते, पऱ्हाटी (कपाशी) पांढरी झालेली. तिनं कमरेला ओटी बांधली आणि तासाला लागली. मी बांधावरून विचारतोय, ती कापूस काढता काढता सांगतेय. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेकडेनं, बोंडाच्या काट्यांनी बारीक चिरे पडलेले. प्रत्येक बोंडाला हात घालताना ती तर्जनी जराशी उचलून धरायची, तिच्यातला चिरा सगळ्यांत खोल होता. मधेच म्हणाली, “ते शिडीचं कार्ड दाखवा बरं पुन्हा.”

दाखवलं. तिनं विचारलं, “हे वरची पायरी कोनाची? माही का घराची?”

मी प्रश्न पुन्हा वाचला. ‘तुमच्यासाठी’ असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

“माही एकटीची? मंग दोन.”

पाच वर्षांनी कुठे असाल, असा पुढचा प्रश्न असतो. तोही विचारला. हात न थांबवता म्हणाली, “आठ. पोरगी यवतमाळले नर्सिंगले हाय. तिचं झालं का मी जातो तिच्यासंगं. इथं कोन राह्यते!”

मी पाच खोडले, दोन आणि आठ लिहिले, बाजूला शेरा मारला की पहिलं उत्तर इतरांसमोर दिलं होतं, दुसरं एकांतात. प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवलं होतं, शक्यतो एकांतात विचारा. फॉर्म परत आला. सुपरवायझरचं म्हणणं, घरी दिलेलं उत्तर का खोडलं, आणि दोन ते आठ एवढी उडी कोणी घेतं का? मी भांडलो. तेव्हा तो म्हणाला, “खेड्यातल्या बायकांना आकड्यांची समज नसते.” ही बाई किलोच्या भावानं कापूस वेचायची. रोजचं वजन दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवायची, हप्त्याच्या शेवटी मालकाचा हिशोब चुकला तर तिथल्या तिथं दाखवायची. तिला दोन आणि आठ कळत नाहीत आणि ह्याला कळतात! फॉर्म ‘विसंगत’ म्हणून बाद झाला. दोनही गेले आणि आठही. त्याच गावातले सासऱ्यांसमोर भरलेले सगळे पाच मात्र सुखरूप पोचले.

म्हणून ‘संस्कृती वेगळी, भाषा वेगळी, मग मोजणार कसं’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. कापसाच्या खरेदीत काटा बहुतेक वेळा बरोबरच असतो, पाहायचं असतं ते कोणाचा पाय पलड्याला लागलाय ते. इथंही तसंच. शिडी तिला पहिल्या झटक्यात समजली, उलट तिनं जो प्रश्न विचारला त्यावर अभ्यासक अजून वाद घालतात, की माणसानं स्वतःपुरतं सांगायचं की घरादाराचं. बिघडलं ते ओसरीवर.

हे दोष अभ्यासकांना माहीत नाहीत असंही समजू नका. अँगस डीटन, 2015 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, त्यांनी अमेरिकेतल्या गॅलपच्या रोजच्या पाहणीत दाखवून दिलं की शिडीच्या आधी राजकारणाचे प्रश्न विचारले की लोक अर्ध्या पायरीहून जास्त खाली घसरतात. आमच्या फॉर्ममध्ये शिडीच्या आधी काय होतं? कर्ज. सोसायटीचं किती, सावकाराचं किती, थकलं किती. आणि मग लगेच, ‘आता एक शिडी डोळ्यांसमोर आणा.’ हंगामाचंही तेच. सीतादहीच्या दिवसांत विचारा आणि मृगाच्या तोंडावर, बियाण्याला पैसे नसताना विचारा, तोच माणूस दोन वेगळी उत्तरं देईल आणि दोन्ही खरी असतील.

यावर एक चांगला उपायही निघालाय. गॅरी किंग हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली तो मांडला. लोकांना फक्त स्वतःबद्दल न विचारता दोन-चार काल्पनिक माणसांची हकिगत सांगायची आणि त्यांनाही त्याच मापावर बसवायला लावायचं. त्यांनी सरकारात आपलं किती चालतं हे चीन आणि मेक्सिकोत विचारलं होतं. चिनी लोकांनी स्वतःला मेक्सिकोवाल्यांपेक्षा वर बसवलं, आणि मेक्सिकोत तर नुकताच 2000 साली वर्षानुवर्षांचा सत्ताधारी पक्ष मतपेटीतून घरी गेला होता! काल्पनिक माणसांना कोण कुठे बसवतं हे पाहून आकडे जुळवले तेव्हा क्रम उलटला. आमच्याकडे हे करायला काय लागतं? ‘एका बाईचं पाच एकर कोरडवाहू आहे, नवरा दारू पीत नाही, पोरगी शिकते, विहिरीला पाणी नाही. ती कोणत्या पायरीवर?’ असं दहा घरी विचारा, त्या गावाची फूटपट्टी हातात येते. मी हे संस्थेला सुचवलं होतं. वेळ लागतो म्हणाले.

आता भाटव्यांकडे येतो. भाटवे म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, पुण्यात असतात. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा ते आयडी बदलून आलेत की काय असंच वाटलं. दर मार्चला त्यांचा मेसेज येतो, ‘हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान, खरं सुख आपल्या खेड्यात आहे.’ दिवाळीला येतात, निंबाच्या सावलीत खाट टाकून बसतात आणि म्हणतात, तुम्हा लोकांना कळत नाही तुम्ही किती समाधानी आहात. लोडशेडिंगचा आठवडा बदलायच्या आत परत जातात.

त्यांचा आवडता पुरावा कोलकात्याचा. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी झोपडपट्टीत, फुटपाथवर राहणाऱ्या आणि वेश्याव्यवसायातल्या 83 जणांशी बोलून 2001 साली लिहिलं की ही माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा समाधानी आहेत. बरोबर आहे, लिहिलं. भाटवे त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य गिळतात. नाती, कुटुंब अशा एकेका गोष्टीबद्दल लोक समाधानी होते, पण एकूण आयुष्याबद्दल विचारलं तेव्हा सरासरी उणेकडेच झुकली. माझ्या पऱ्हाटीतल्या बाईलाही पोरीबद्दल विचारलं असतं तर दहा म्हणाली असती.

दुसरा पुरावा भूतान. पैशाऐवजी सुख मोजणारा देश! मोजतात, 2008 च्या राज्यघटनेतही घातलंय. पण भूतानची पाहणी 33 निर्देशकांची आहे. त्यात ध्यान-प्रार्थना आहे तशी मिळकत आहे, घर आहे, वीज आहे, जनावरांनी पीक खाल्लं का हेसुद्धा आहे. भाटव्यांना फक्त ध्यान ऐकू येतं.

आणि खेड्यातला माणूस मुळातच सुखी असेल तर 2006 साली अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना 3750 कोटींचं पॅकेज कशाला जाहीर करावं लागलं? समाधानाचं बक्षीस होतं का ते?

तेव्हा तुम्हाला सल्ला एवढाच: यादीत आपण कितवे हे सोडा. आपल्या घरातल्या बाईला, एकटी असताना, शिडी काढून विचारा. आणि उत्तर आल्यावर ‘असं कसं म्हणतेस’ म्हणू नका.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझा अनुभव एका पट्ट्यातला, कापसाच्या गावांतला. धानाच्या भंडारा-गोंदियात किंवा गडचिरोलीच्या माडिया-गोंडांत चित्र वेगळं असू शकतं. शिडी आयुष्याचा हिशोब मागते, काल हसलात का, चिंता होती का हे वेगळं विचारावं लागतं आणि त्याची उत्तरं वेगळी येतात. श्रीमंत देशच वर असतात असंही नाही, 2025 च्या यादीत पहिल्या दहांत कोस्टारिका आणि मेक्सिको आहेत. आणि भाटवे माणूस म्हणून चांगले आहेत, माझ्या अडचणीला पैसे त्यांनीच दिले होते. तरी यंदा दिवाळीला आले की कार्ड घेऊन मी ताईकडे जाणार आहे, आणि तेवढा वेळ त्यांना बाहेर निंबाखालीच बसावं लागेल.

ता. क. पाकिस्तानचं राहिलंच. 2025 मध्ये ते 147 देशांत 109 वे, आपण 118 वे. क्रमांकात नऊचं अंतर दिसतं, पण गुणांत फरक अर्ध्या पायरीपेक्षाही कमी आहे. अमेरिकेत नुसता प्रश्नांचा क्रम बदलल्यानं त्याहून जास्त फरक पडला होता.