स्टार नाही म्हणून कॉलम उडवायचे का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कोथरूड, कर्वेनगर आणि वारज्यातल्या ४८ फ्लॅटची भाडी गोळा केलीयत, एजंट आणि सोसायट्यांच्या वॉचमनकाकांकडे फिरून. भाड्यावर चार गोष्टींचा परिणाम बघतेय, कार्पेट एरिया, बेडरूम किती, बिल्डिंग किती जुनी आणि मेट्रो स्टेशन किती लांब (मुख्य विषय हाच). आर ह्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन (प्रत्येक गोष्टीचा भाड्यावरचा परिणाम वेगळा काढणारं गणित) चालवलं तर आर स्क्वेअर, म्हणजे भाड्यातल्या फरकाचा किती भाग मॉडेलने समजावला तो आकडा, ०.८४ आला, पण एरियाची पी व्हॅल्यू (परिणाम नसतानाही असा आकडा योगायोगाने यायची शक्यता, ती ०.०५ च्या खाली हवी) ०.०९ आणि बेडरूमची ०.१४, म्हणजे दोन्ही सिग्निफिकंट नाहीत! मेट्रोला मात्र ०.०२७ आणि एक स्टार (सिग्निफिकंट आकड्यापुढे आर छापतं तो). गाईड म्हणाले इनसिग्निफिकंट व्हेरिएबल काढून टाक. दोन्ही काढले तर आर स्क्वेअर ०.४३ वर आला. दोन्ही मॉडेल कंपेअर करायला अनोव्हा ही कमांड दिली तर एरर येतो की मॉडेल सारख्या साइझच्या डेटावर नाहीत. आता काय करू? शीट सोबत पाठवतेय.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: आधी एक सांगते, दोन्ही कॉलम काढू नकोस. घराचं भाडं एरियावर आणि खोल्यांवर अवलंबून नाही असं पुण्यात कुठल्याही भाडेकरूला सांगून बघ, तो तुला घरात घेणार नाही, आणि तुझा डेटासुद्धा तसं म्हणत नाहीये.

गोंधळ होतोय तो टी टेस्ट, म्हणजे एकेका व्हेरिएबलची पी व्हॅल्यू जिच्यातून येते ती, नेमकं काय विचारते इथे. एरियासमोरची टी टेस्ट "एरियाचा भाड्याशी संबंध आहे का" असं विचारतच नाही, ती विचारते की बेडरूम, वय आणि मेट्रोचं अंतर आधीच माहीत असताना एरिया कळल्याने आणखी काही हाती लागतं का. हा "बाकीचे असताना" भाग पुस्तकात एका ओळीत असतो आणि परीक्षेत कोणी विचारत नाही म्हणून राहून जातो. आता घरात सत्यनारायण आहे आणि दोन जावा मिळून सगळा स्वयंपाक करतायत असं समज. थोरली नसती तर अडलं असतं का? नाही, धाकटीने निभावलं असतं. धाकटी नसती तर? थोरलीने निभावलं असतं. म्हणून दोघींनाही माहेरी पाठवलंस तर पंगतीला काय वाढणार? तू दोन्ही कॉलम काढलेस तेव्हा आर स्क्वेअर निम्म्यावर आला तो ह्याचसाठी.

मी तुझं शीट उघडून बघितलं. वन बीएचके बहुतेक चारशे-साडेचारशे स्क्वेअर फूट, टू बीएचके सातशेच्या अलीकडे-पलीकडे, थ्री बीएचके साडेनऊशेच्या आसपास, एरिया आणि बेडरूमचं कोरिलेशन ०.९५, म्हणजे दोन्ही जवळजवळ एकत्रच वाढतात. दोघांचा परिणाम वेगळा काढायचा तर ऐसपैस वन बीएचके किंवा चिंचोळे टू बीएचके हवेत, आणि तसे तुझ्याकडे जेमतेम तीन-चार आहेत. व्हीआयएफ (ह्या साम्यामुळे अंदाजाचा व्हेरिअन्स कितीपट फुगला त्याचं माप) दहाच्या आसपास येतो, त्याचं वर्गमूळ घेतलं की स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, तिप्पट फुगलेली. एरियाचा कोइफिशियंट (बाकी तेच असताना एरिया एकाने वाढला की भाडं किती वाढतं) १०.४ रुपये दर स्क्वेअर फुटाला आणि एरर ६, भागलं की टी १.७३. बेडरूमला २,८५० रुपये, एरर १,९००, टी १.५. चाळीस डिग्रीज ऑफ फ्रीडमला (फ्लॅटची संख्या वजा मॉडेलने काढलेले आकडे, हिशोब पुढे येतो) ५ टक्क्यांवर टी २.०२ लागतो, म्हणून दोघेही खाली पडले. आणि ह्या दोन कोइफिशियंटचे अंदाज एकमेकांच्या उलट हलतात, डेटा जरा इकडचा तिकडे झाला की एरियाचा वाढतो तर बेडरूमचा घटतो, दोघांचं मिळून मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. मिळून किती ते डेटाला चांगलं माहितीये, वाटणी कशी करायची ते माहीत नाहीये.

तेव्हा प्रश्नही मिळूनच विचारायचा. नल हायपोथेसिस, म्हणजे तपासायचं गृहीतक, असं की एरिया आणि बेडरूम दोघांचेही कोइफिशियंट एकदम शून्य. ह्याला दोन टी टेस्ट चालत नाहीत, एफ टेस्ट लागते. चारही व्हेरिएबलचं मॉडेल आणि हे दोन काढलेलं मॉडेल, दोन्हींची उरलेली चूक म्हणजे रेसिड्युअल सम ऑफ स्क्वेअर्स घ्यायची आणि काढल्यामुळे चूक किती वाढली ते बघायचं.

इथेच तुझा एरर. तीन फ्लॅटचा कार्पेट एरिया तू मोकळा ठेवलायस (एजंटने नुसता सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेला एरिया सांगितला असं रिमार्कमध्ये लिहिलंयस, बरं केलंस की तो आकडा तसाच टाकला नाहीस). आर ते तीन फ्लॅट आपोआप गाळतं, म्हणून मोठं मॉडेल ४५ वर चाललं आणि एरियाचा कॉलम काढल्यावर तेच तिघे परत आले, छोटं मॉडेल ४८ वर. अशी तुलना करताच येत नाही, आर ने अडवलं हे तुझं नशीब, हाताने कॅल्क्युलेटरवर केलं असतंस तर कोणी अडवलं नसतं. मी त्याच ४५ फ्लॅटवर दोन्ही चालवली. भाडं हजारात धरून मोठ्या मॉडेलची चूक ३२०, छोट्याची १,१२०. वाढ ८००, दोन कोइफिशियंट काढले म्हणून भागिले २, झाले ४००. खाली ३२० भागिले ४० (४५ मधून चार व्हेरिएबल आणि एक इंटरसेप्ट, म्हणजे मॉडेलमधला स्थिर आकडा, वजा), झाले ८. एफ आला ५०. लागतो किती, तर २ आणि ४० डिग्रीजना ३.२३. ज्यांना एकेकटं बघून आपण इनसिग्निफिकंट म्हणत होतो ते दोघं मिळून ५० वर आहेत!

गाईडांना हाच आकडा दाखव, ते मान्य करतील. एकच व्हेरिएबल काढायचा असेल तर एफ म्हणजे टी चा वर्गच असतो, म्हणून एकेक काढताना टी पुरते, दोन एकदम काढताना पुरत नाही.

मग एक ठेवून एक काढायचा का? तुझा प्रश्न काय त्यावर आहे. फक्त बेडरूम काढलीस तर एरियाचा कोइफिशियंट १०.४ वरून १९ होतो, एरर दोनच्या खाली, आणि तीन स्टार. दिसायला छान, पण तो १९ आता बेडरूमचा वाटाही पोटात घेऊन बसलाय, अर्थ बदलला. तुझ्या प्रोजेक्टचा विषय मेट्रो आहे, एरिया आणि बेडरूम नुसते कंट्रोल म्हणून, म्हणजे त्यांचा परिणाम मेट्रोच्या नावावर जाऊ नये म्हणून आहेत, त्यांची वाटणी करून तुला काय करायचंय, दोन्ही राहू देत आणि खाली जॉइंट एफ लिही.

आणि मला खरी काळजी त्या स्टारवाल्या मेट्रोचीच वाटते, ज्याबद्दल तू निर्धास्त आहेस. तुझे ४५ फ्लॅट १६ सोसायट्यांतले आहेत, त्यातले ११ एकाच सोसायटीतले. वनाझ किंवा आनंदनगर स्टेशनपासूनचं अंतर एका सोसायटीतल्या सगळ्यांना सारखंच, बिल्डिंगचं वयही सारखंच, म्हणजे मेट्रोच्या दृष्टीने तुझ्याकडे ४५ वेगवेगळ्या नोंदी नाहीतच, १६ च्या आसपास आहेत. शिवाय एका सोसायटीत पाण्याचा त्रास असेल तर तिथली सगळी भाडी एकदम खाली असतात, चुका एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत, आणि अशा वेळी छापून येणारी स्टँडर्ड एरर खऱ्यापेक्षा लहान असते. मेट्रोचा टी २.३ आणि रेषा २.०२, एरर थोडी जरी वाढली तरी स्टार गेला. सोसायटीनुसार क्लस्टर केलेली, म्हणजे एका सोसायटीतल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या धरून काढलेली स्टँडर्ड एरर काढ, १६ क्लस्टर त्यासाठी कमीच आहेत हेही रिपोर्टमध्ये लिही. एरिया-बेडरूमचं ५० आणि ३.२३ मधलं अंतर एवढं मोठं आहे की ते ह्याने पुसलं जाईल असं मला वाटत नाही, मेट्रोचं तसं म्हणवत नाही. जमलं तर नव्या सोसायट्यांतले एक-एक फ्लॅट घे, त्याच सोसायटीतले आणखी दहा घेण्यापेक्षा ते कितीतरी कामाचे.

त्या तीन फ्लॅटचं लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट बघायला माग, त्यात बऱ्याचदा एरिया असतो, फक्त तो कार्पेट आहे का बिल्टअप ते नीट वाच. नसेलच तर भाडेकरूंना विचारून टेपने मोज, टू बीएचकेला अर्धा तास लागतो. मग ४८ वर दोन्ही मॉडेल परत चालव आणि एफ किती आला ते मला कळव.