क्लच न दाबता गिअर कसा पडतो?

मागच्या वेळी मोटारसायकलच्या चेनबद्दल लिहिलं, तर पत्रं आली ती गिअरची. त्यातली काही घेतो.

रेसवाले क्लच न दाबताच गिअर टाकतात म्हणे. त्यांचा गिअर बॉक्स वेगळा असतो का? (एक विद्यार्थी, कोरेगाव)

मूळ रचना तुमच्या गाडीसारखीच. गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात, पण प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरतं. चाकांच्या कडेला जाड खुंट असतात, ते डॉग. लिव्हर दाबली की ड्रम, म्हणजे खाचा कोरलेलं नळकांडं, एक घर फिरतो, त्याच्या खाचेतला फोर्क शेजारचं चाक सरकवतो, डॉग जागेवर बसतात आणि गिअर लागतो.

अडतं ते आधीचा गिअर सुटताना. उसानं भरलेली ट्रॉली चढावर उभी असताना ट्रॅक्टरची पिन निघते का? हातोडा मारला तरी हलत नाही. ट्रॅक्टर बोटभर मागे घेतला की तीच पिन दोन बोटांनी वर येते. डॉगचंही तसंच. इंजिन ओढतंय तोवर ते एकमेकांना सोडत नाहीत. त्यांच्या कडा तर मुद्दाम किंचित तिरक्या घासलेल्या असतात, म्हणजे जोर आला की आणखी आवळतात.

क्लच हा ताण काढतो, बाकी काही नाही. रेसच्या गाडीत तेच काम क्विकशिफ्टर करतो. लिव्हरच्या दांडीवरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो आणि साधारण 50 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, इंजिनाची ठिणगी बंद होते. तेवढ्यात ताण जातो आणि दाबून ठेवलेला पाय पुढचा गिअर बसवतो. एक्सिलरेटर पिळलेलाच राहतो. जागेवरून निघताना क्लच मात्र त्यांनाही लागतो.

मग स्प्लेंडरवर हे जमेल? (फलटण)

एक्सिलरेटर क्षणभर सोडून पाय दाबलात तर गिअर पडेलही. पण वेळ चुकली की डॉगच्या कडा गोल होतात आणि काही महिन्यांनी गिअर आपोआप सुटायला लागतो. मग अख्खं इंजिन खोलावं लागतं. क्लच दाबा.

रेसच्या गाडीला गिअर उलटे का? (कराड)

पहिला वर, बाकीचे खाली. डाव्या वळणातून बाहेर पडताना गाडी इतकी आडवी असते की लिव्हरखाली बूट घालायला जागाच उरत नाही. वरून दाबणं जमतं. शिवाय वेग घेताना अंग मागे ओढलं जातं, तेव्हा पाय उचलण्यापेक्षा दाबणं सोपं.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यात नवल वाटू नये. जुन्या बुलेटलाही पहिला वर अन् बाकीचे खाली असायचे, फक्त लिव्हर उजव्या पायाला. माझ्या गॅरेजमधला एक पोरगा अशी उलट्या गिअरची गाडी ट्रायलला घेऊन गोडोलीकडे गेला होता. तिसऱ्यावरून चौथा टाकायला सवयीनं पाय वर उचलला आणि पडला दुसरा. गाडी ढकलत परत आला, घाबरून, बिघाडामुळे नव्हे. रोजच्या गाडीला हा उद्योग करू नका.

पसरणी घाट उतरताना दोन गिअर खाली टाकले की मागचं चाक किंचाळतं. (वाई)

चाकाचा वेग आणि इंजिनाचा वेग जुळत नाही, म्हणून चाक इंजिनाला फरफटत फिरवतं आणि स्वतः अडतं. एकेक गिअर खाली घ्या, आणि क्लच दाबलेला असतानाच किंचित रेस द्या, म्हणजे इंजिन चाकाच्या वेगाला येतं. घाटात गाडी इंजिनावर उतरवण्याची तुमची सवय चांगलीच आहे, ती सोडू नका.

रेसमध्ये यावर स्लिपर क्लच असतो. चाक इंजिनाला ढकलू लागलं की आतले उतरते दात प्रेशर प्लेट (क्लचच्या चकत्या दाबून धरणारी) जराशी उचलतात आणि क्लच हवा तेवढाच घसरतो. रेसच्या आधीच्या टू-स्ट्रोक गाड्यांना इंजिनाचा रोध कमी होता. 2002 पासून मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकल रेसच्या जागतिक स्पर्धेत, 990 सीसीची फोर-स्ट्रोक इंजिनं आली आणि याची गरज वाढली. आता आपल्याकडे दोनशे सीसीच्या गाडीतही हा क्लच मिळतो.

सीमलेस गिअर बॉक्स म्हणजे काय? (सातारा शहर)

पुढचा गिअर लागत असतानाच मागचा आपसूक सुटतो, त्यामुळे मधे ओढ तुटत नाही. वेळ वाचतो तो थोडाच. खरा फायदा असा की वळणात आडव्या गाडीला झटका बसत नाही. कारसारखा दुहेरी क्लच मोटोजीपीच्या नियमांत बसत नाही, म्हणून ही गुंतागुंत. होंडानं सीमलेस गिअर बॉक्स 2011 मध्ये आणला आणि त्याच वर्षी केसी स्टोनर त्यांच्या गाडीवर विश्वविजेता झाला. श्रेय गिअर बॉक्सचं की स्टोनरचं, यावर आमच्या गॅरेजात चहा संपेपर्यंत वाद चालतो. मी स्टोनरच्या बाजूचा.