आई, इथे तरी नको!

पत्र

मावशी, पत्र लांबणार आहे, आधीच सॉरी. मी पुण्यात आयटीत आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगा सहा वर्षांचा, सासू-सासरे आमच्यासोबतच असतात. आईबाबा कराडला. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर्ड. मागच्या रविवारी त्यांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मी आणि नवऱ्याने सगळ्यांना एका फाइव्ह स्टारमधल्या फाइन डाइनला लंचला नेलं. सात कोर्सचा टेस्टिंग मेनू, माणशी २,८००, आम्ही सहा मोठे, आणि पिल्लूसाठी ६५० चा पास्ता. मला खरंच त्यांना काहीतरी भारी द्यायचं होतं.

पण तिथे गेल्यापासून आईचं सुरूच. वेटरला म्हणे कुठला रे तू बाळा, तो निघाला कराडजवळच्या पाटणचा, झालं, गप्पा सुरू. तिसऱ्या कोर्सला थालीपीठ आलं, दहाच्या नाण्याएवढं, वर लोण्याचा छोटा गोळा, तो बिचारा सांगतोय यात अमुक धान्यं आहेत आणि आई त्यालाच शिकवतेय की भाजणी कशी भाजायची. मग स्वतःच्या प्लेटमधला तुकडा काट्याने उचलून माझ्या नवऱ्याच्या प्लेटमध्ये. तीन वाजता वेटरला विचारते, तू जेवलास का रे? सासूबाई गालात हसत होत्या. मी टेबलाखालून आईच्या पायावर पाय मारला आणि हळूच म्हटलं, आई, प्लीज, इथे तरी नको. मग बिल आलं २२,६५० चं, बाबांनी फोल्डर घेऊन ओळन् ओळ वाचलं आणि वेटरला विचारलं, हा सर्व्हिस चार्ज कसला? मी म्हटलं बाबा, असं नाही विचारत इथे. त्यांनी खिशातून पाकीट काढलं होतं, पाच हजार होते त्यात, पण नवऱ्याने तोवर कार्ड दिलं, असो.

बुधवारपर्यंत राहणार होते, सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने गेले. फोनवर आई फक्त हो, बरं, ठीक. नवरा म्हणतो तू ओव्हरथिंक करतेयस. आणि सासूबाईंनी काल भाजणी दळून आणलीय, मला तर तो टोमणाच वाटतोय. माझं चुकलं का? विषय काढू की सोडून देऊ?
— ओशाळलेली, पुणे

उत्तर

अगं ओशाळलेली, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी अडकले. 'असो' पाशी. थालीपिठाला चार ओळी दिल्यास, पाटणच्या पोराला दोन दिल्यास, आणि बाबांनी खिशातून काढलेलं पाकीट, ते एका वाक्यात उरकून वर 'असो'. तू विचारतेयस आईबद्दल, पण मला वाटतं त्या टेबलावरून जास्त दुखावून गेले असतील ते बाबा.

जरा त्यांच्या जागेवरून बघ. लग्न त्यांचं, ४० वर्षं त्यांची, समोर व्याही बसलेत. जुन्या लोकांत मुलीच्या घरचं खायचं म्हटलं तरी कसंतरी व्हायचं, मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणीसुद्धा न पिणारी माणसं मी पाहिलीयत. तुझे बाबा तितके जुने नसतील, तुझ्याकडे येऊन राहतात म्हणजे नाहीतच, पण कराडहून निघताना त्या माणसाने पाच हजार मोजून पाकिटात घातले, शर्टाच्या खिशात ठेवले आणि पूर्ण प्रवासभर दोनतीनदा तरी वरून चाचपून बघितलं असणार, कारण ठरवलेलं होतं की व्याह्यांच्या देखत आज बिल आपण द्यायचं. त्यांच्या हिशोबाने सात माणसांना पाच हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. फोल्डर उघडलं तर आत २२,६५०. त्यांनी ओळन् ओळ वाचलं असं तू लिहितेस ना, मला वाटतं पहिल्यांदा आकडा बघितला आणि नंतरचं वाचन नुसता वेळ काढायला होतं, आता हे पाकीट बाहेर काढावं की आत ठेवावं या विचारात. आणि तरीसुद्धा त्या गडबडीत त्यांना बरोबर चूक सापडली, तर तू त्यांना गप्प केलंस!

कारण बाबांचं बरोबर होतं बाई. मी तुझे आकडे घेऊन बेरीज केली. सहा जणांचे १६,८०० आणि पास्ता ६५०, झाले १७,४५०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज १,७४५. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, की आलं तुझं २२,६५०. यातला जीएसटी द्यावाच लागतो, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, रस्त्यावरच्या एरवीच्या रेस्टॉरंटला ५. पण सर्व्हिस चार्ज हा कर नाहीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. काढा म्हटलं की काढायला हवा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि गंमत बघ, तो चार्ज आणि त्याच्यावर पुन्हा लागलेला जीएसटी मिळून २,०५९ रुपये होतात. ज्या माणसाने आयुष्यभर रात्री डेपोत कॅश भरताना दहा रुपये कमी पडले तर पदरचे घातलेत त्याच्या नजरेतून दोन हजार सुटतील होय? तुमच्या ऑफिसात कुणी क्लायंटच्या बिलातली अशी चूक काढली असती तर शाब्बासकी दिली असतीत.

आता आई. टेस्टिंग मेनू म्हणजे काय होतं, प्रत्येकाच्या पुढ्यात आपापली प्लेट येते, मोठी पांढरी, मधे दोन घास, ते संपले की प्लेट जाते, दुसरी येते. यात कुणी कुणाला वाढायचं नसतं. आणि तुझी आई चाळीस वर्षं जेवायला बसते ती सगळ्यांना वाढून झाल्यावर, तेही अर्धं लक्ष इतरांच्या पानात ठेवून. अडीच तास तिच्या हाताला काही कामच नव्हतं गं. म्हणून तो तुकडा जावयाच्या प्लेटमध्ये गेला. जावयाला आग्रह नाही केला तर ते जेवण कसलं, असं तिला वाटलं असेल, आणि तेही स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला.

टेबल मॅनर्स म्हणशील तर ते सगळीकडेच असतात. आपल्या पंगतीत मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, शेजारच्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. परका माणूस आपल्या पंगतीत बसला की तोही असाच बावचळतो, पहिला भात खाऊन उठावं की थांबावं कळत नाही त्याला. आपण त्याला हसतो का? थोडं हसतो, मग सांगतो. आणि एकामागून एक कोर्स आणायची ही पद्धत युरोपातही तशी जुनी नाही, एकोणिसाव्या शतकात तिकडे रुळली, तिला रशियन पद्धत म्हणतात, त्याआधी त्यांच्याकडेही सगळं एकदम टेबलावर मांडायचे आणि एकमेकांकडे सरकवायचे. म्हणजे तुझी आई फार तर दोनशे वर्षं मागे होती, एवढंच.

आणि थालीपिठाचं तर मला तुझं कळलंच नाही. तो पोरगा तिला थालीपीठ म्हणजे काय ते समजावून सांगतोय! जिने जन्मभर ज्वारी वेगळी, बाजरी वेगळी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, सगळं वेगवेगळं भाजलं, धणे-जिरे शेवटी मंद आचेवर, ओल्या फडक्यावर थापून मधे पाच भोकं पाडली तेल सोडायला, तिला. त्या पूर्ण हॉटेलात त्या पदार्थाबद्दल सगळ्यात जास्त कळणारं माणूस कदाचित तुझ्या टेबलावर बसलेलं होतं आणि तू त्याच्या पायावर पाय मारलास. तो पोरगा ऐकत होता ना? कंटाळला असता तर पाणी आणतो म्हणून सटकला असता, वेटर लोकांना ते बरोबर जमतं. पाटणचं पोरगं, रविवारची ड्युटी, तीन वाजले तरी उभं, आणि कुणीतरी विचारतंय जेवलास का म्हणून. मी तर म्हणते त्या दिवसभरात त्याला तेवढंच कुणी विचारलं असेल.

मी तुला फार ओरडतेय असं नको समजू. मला हे कळतं कारण मीही त्या खुर्चीत बसलेय. माझा मुलगा मला पहिल्यांदा अशा ठिकाणी घेऊन गेला तेव्हा जेवण झाल्यावर मी सवयीने सगळ्यांच्या प्लेटा एकात एक रचल्या, काटे-चमचे वरच्या प्लेटमध्ये गोळा केले आणि नॅपकिनची घडी घालून बाजूला ठेवली. मुलगा म्हणाला, आई, आता फडकं माग आणि टेबलही पुसून घे. मोठ्याने म्हणाला, हसून म्हणाला, मला दोन मिनिटं लागलं आणि मग मलाच इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. तेच त्याने दात-ओठ खाऊन माझ्या कानात म्हटलं असतं तर मी घरी येऊन रात्रभर छताकडे बघत पडले असते. तुझं 'इथे तरी नको' मधलं ते 'तरी' आहे ना, ते टोचतं. म्हणजे एरवी घरी आम्ही सहन करतोच तुला, असा त्याचा अर्थ होतो. तुझ्या मनात तसं नसणार, पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू जातं.

बरं, नवरा म्हणतो ओव्हरथिंक करतेयस. त्याला म्हणावं बुधवारचा मुक्काम सोमवारी सकाळी सहाला आवरणारी माणसं उगाच आवरत नाहीत.

विषय काढायचा. पण फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको, त्यावर आई एक हात जोडलेला इमोजी टाकेल आणि प्रकरण तिथेच गोठेल. या नाहीतर पुढच्या शनिवारी एकटी कराडला जा, एसटीनेच जा. आईला सांगताना 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असलं काही बोलू नकोस, ते सॉरी नसतं. सरळ म्हण की मी तुझ्या पायावर पाय मारला, मला सासूबाईंसमोर लाज वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटतेय. एवढं बोलून गप्प बस. ती म्हणेल अगं त्यात काय एवढं, आणि चहा टाकायला उठेल. उठू दे. पाठोपाठ स्वयंपाकघरात जा.

बाबांना सॉरी बिरी म्हणायला जाऊ नको, ते अवघडतील. त्यांना बिल दाखव. तुझ्या नवऱ्याकडे असेल ना, मेलवर आलेलं असतं. म्हण बाबा, तुम्ही विचारलं ते बरोबर होतं, दोन हजार एकोणसाठ जास्त गेले आपले, आता ते परत मागायचे कसे ते सांगा. हॉटेलला मेल लिहायला बस त्यांच्यासोबत, ते सांगतील, तू टाइप कर. पैसे परत मिळोत न मिळोत, दुपार छान जाईल. आणि ते पाकीट. ते अजून तसंच कपाटात असेल, त्याला हात लावला नसेल त्यांनी. त्यांना म्हण, रविवारचं जेवण आमच्याकडून झालं, वाढदिवसाची पार्टी तुमच्याकडून राहिलीय. जागा त्यांना ठरवू दे, कराडमधली, त्यांच्या ओळखीची, मालक नावाने हाक मारणारा असेल अशी. सासू-सासऱ्यांना घेऊन जा. आणि बिल आलं की तुझ्या नवऱ्याला सांग हात टेबलावर ठेव, खिशाकडे न्यायचा नाही, वाटलं तर मोबाइल गाडीत ठेवून ये.

पुढे कधी पुन्हा अशा फाइन डाइनला न्यायचंच असेल तर न्या की, त्यात वाईट काही नाही, फक्त टेस्टिंग मेनू नको. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीन कोर्सचा सेट लंच असतो, निम्म्याहून कमी पैशात, तासाभरात मोकळं होता येतं. नाहीतर मेनूकार्डावरून मागवा आणि मधे ठेवायला सांगा, म्हणजे आईला वाढता येईल. बाराला जेवणाऱ्या माणसांना दीडचं बुकिंग करू नका, शुगरची गोळी असेल तर आणखीनच नको, नाहीतर बिचारे नुसत्या ब्रेड-बटरवर तग धरतात आणि पुढचे कोर्स तसेच जातात. आणि यजमान तुम्ही असाल तर जेवण संपत आलं की बेसिनला जातो म्हणून उठायचं आणि काउंटरवर बिल देऊन यायचं, टेबलावर फोल्डर येऊच द्यायचं नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्या गालात हसत होत्या म्हणतेस, पण कशाला हसत होत्या ते विचारलंस? नाण्याएवढं थालीपीठ बघून मलाही हसू आलं असतं. टोमणा मारायचा असला की सासवा तोंडाने मारतात गं, त्यासाठी कुणी पाच-सहा धान्यं निवडून, उन्हात घालून, तासभर गॅसपाशी उभं राहून भाजत नाही आणि गिरणीत जाऊन दळून आणत नाही. तू आईला गप्प करत होतीस तेव्हा टेबलापलीकडे एक बाई कान देऊन ऐकत होती असं मला दिसतंय. आज संध्याकाळी त्यांना सहज विचार, धणे वेगळे भाजले का सगळ्यांबरोबरच? त्यांना नीट आठवत नसेल किंवा चुकलं असेल तर फोन लाव कराडला आणि त्यांच्याच हातात दे.