‘त्याला खरंच देवानं निवडलं होतं का, मॅडम?’

ज्याच्या नावावर पंथ उभा आहे, तोच माणूस असा वागला असेल तर त्याला देवानं निवडलं होतं हे कसं मानायचं? सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बहुतेक वेळा एखाद्या बापूंचं, महाराजांचं नाव घेऊन येतो. देव्हाऱ्यातला फोटो ठेवायचा की काढायचा, यावरून घरात धुसफूस सुरू झालेली असते. त्या दिवशी मात्र नाव वेगळंच होतं: जोसेफ स्मिथ, अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा संस्थापक. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

मुलगा मिरजेचा. पणजोबा मिशन दवाखान्यात कामाला, तेव्हापासून घर ख्रिस्ती. नोकरीसाठी तो बेंगळुरूला गेला, तिथे मॉर्मन मंडळीत (चर्चमध्ये) रमला, बाप्तिस्मा घेतला, लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. वडिलांना हे कधीच रुचलं नाही. ‘दोन हजार वर्षांची मंडळी सोडून त्या अमेरिकन बुवाच्या नादी लागलास?’ हे त्यांचं पालुपद. आता वडिलांच्या ऑपरेशनमुळे दोघं नवराबायको काही महिने मिरजेत राहायला आले होते, आणि याची झोप उडाली होती.

स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी स्थापन केली. त्याच्या अनेक बायकांबद्दलचं बोलणं यानं पूर्वीही ऐकलं होतं. विरोधकांचा अपप्रचार म्हणून सोडून दिलं होतं. पण २०१४ मध्ये खुद्द मंडळीनंच प्रसिद्ध केलेला लेख त्याच्या वाचनात आला. स्मिथच्या बायकांची संख्या तीस ते चाळीस असावी, काहींचे नवरे हयात होते, एक मुलगी तर पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या काही महिने आधीच त्याच्याशी लावून दिलेली, आणि पहिली बायको एम्मा हिला यातल्या सगळ्यांची कल्पना नसावी, असं त्यात लिहिलेलं. ‘शत्रूनं लिहिलं असतं तर बरं झालं असतं,’ तो म्हणाला.

कोण निवडलेला आणि कोण नाही, हे ठरवायचं साधन माझ्याकडे नाही. ते मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून निकालाची अपेक्षा राहत नाही. मी विचारलं, ‘समजा, उत्तर “नाही” असं आलं. मग उद्या सकाळी काय होईल?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पप्पा जिंकतील.’

हे महत्त्वाचं होतं. देवाची निवड, वडिलांसमोर नाक खाली होणं आणि बायकोपासून चोरून वाचणं, या सगळ्याचा त्यानं एकच गुंता करून ठेवला होता. वडिलांना हरवण्यासाठी कुणाला संदेष्टा (देवाचा निरोप आणणारा) मानायचं नाही, आणि वडील बरोबर ठरतील या धास्तीनंही मानत राहायचं नाही, एवढं सुटं करायलाच आम्हाला दोन-तीन भेटी लागल्या.

मग तो बायबलमधल्या दावीदावर आला. असा प्रश्न पडलेली माणसं त्याच्यावर येतातच. दावीद राजानं बथशेबेला घरी आणलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे धाडून मारवलं. तरी तो देवाचा निवडलेलाच ना? ‘मग स्मिथचं तेवढं काय?’ हा आधार त्याला मंडळीतल्याच कुणीतरी दिलेला. मी एवढंच विचारलं: ‘दावीदाला तोंडावर जाब विचारणाऱ्याचं पुढे काय झालं?’

त्याला शास्त्र पाठ. नाथान हा संदेष्टा दरबारात जाऊन बोलला आणि राजानं ‘मी पाप केलं’ म्हणून मान्य केलं. नाथानाच्या केसालाही धक्का लागला नाही. मग त्यानंच आपणहून दुसरी गोष्ट सांगितली. १८४४ च्या जूनमध्ये नावू शहरात स्मिथपासून फुटलेल्या लोकांनी एक वर्तमानपत्र काढलं, त्यात बहुपत्नीत्वाचे आरोप छापले. पहिलाच अंक शेवटचा ठरला. स्मिथ शहराचा महापौर, त्यानं आणि नगर परिषदेनं छापखानाच मोडून टाकायला लावला. त्याच प्रकरणातून अटक झाली आणि २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याला गोळ्या घातल्या. हा शेवट कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण छापखाना मोडला, ही गोष्ट त्या मृत्यूनं पुसली जात नाही, असं माझं मत आहे. दोष निघाला तर मी फारशी दचकत नाही. तो दोष बोलून दाखवणाऱ्याशी संस्थापक आणि त्याची माणसं कशी वागली, हे मी पाहते.

ही गोष्ट १८४४ ची. तुमचा प्रश्न जिवंत माणसाबद्दल असेल, तो पैसे, शरीर किंवा तोंड बंद ठेवणं मागत असेल, तर निवडलेला का न निवडलेला या चर्चेत अडकू नका. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला आणि त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्यात अवतार असल्याचं भासवून केलेलं लैंगिक शोषण हा गुन्हा आहे. पोलिसात जा.

त्यानं शेवटी बायकोला सांगितलं. ती रडली, दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, १८२८ मध्ये मॉर्मनच्या ग्रंथाच्या हस्तलिखिताची ११६ पानं हरवली तेव्हा देवानं आपल्याला झापलं, हेसुद्धा स्मिथनं शास्त्रात छापून ठेवलंय; ढोंगी माणूस असं कशाला करेल? मुद्दा बिनतोड नाही, पण उडवून लावण्यासारखाही नाही. ती अजूनही त्याला संदेष्टा मानते. हा मानतो की नाही, ते त्यालाच माहीत नाही, आणि ते तिला ठाऊक आहे.

दोघं आता बेंगळुरूला परतलेत. रविवारी दोघंही मंडळीत जातात, पण मुलांचा वर्ग घेणं त्यानं सध्या थांबवलंय. ‘जे मला पटलेलं नाही ते पोरांना कसं शिकवू?’ असं तिथल्या प्रमुखाला त्यानं सरळ सांगितलं. झोप बरीच सुधारली आहे. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, आणि ते सांगायची घाई करू नका, असं मीही म्हटलंय.